आंब्यावरचं ‘बांडगूळ’

प्रति,
मुंबईतल्या तमाम सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटी मेंबर यांस,

स. न. वि. वि.

मी मुलुंडला राहते. टपाल खात्यात ३४ वर्षं काढून निवृत्त झाले. पत्र लिहायची खोड त्यामुळेच. पत्त्यात एकाच सोसायटीचं नाव न घालता सगळ्यांनाच लिहिते आहे, कारण जे आमच्या कंपाउंडात घडलं ते दर मे महिन्यात शहरात ठिकठिकाणी घडत असणार. त्यात कुणाचा हेतू वाईट नसतो. म्हणून तर ते थांबवणं अवघड नाही असं मला वाटतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मेचा शेवटचा आठवडा, पावसाळ्याआधीची छाटणी. परवानगी रीतसर काढलेली, ‘गाड्या हलवाव्यात’ अशी नोटीस बोर्डावर लावलेली. सकाळी नऊला करवतीचा आवाज सुरू झाला. आमच्या मागच्या बाजूला एक आंबा आहे, इमारतीपेक्षा जुना. त्याची एक फांदी सी विंगच्या खिडक्यांना टेकायला आली होती. मी दूध घेऊन परत येत होते, तर ती फांदी पेव्हर ब्लॉकवर आडवी पडलेली आणि मुकादम तिच्या बेचक्यातून कोयत्याने काहीतरी खरवडत होता. जाड, पट्ट्यासारखी हिरवी पानं, दोन ओळींत रचलेली. खाली लोंबणारे दोन घोस. वरच्या कळ्या उमललेल्या, शेंड्याकडच्या अजून मुठी मिटून.

“अहो, हे कशाला काढताय?”

“बांडगूळ आहे काकू. झाड खातं. खोडावरचंही सगळं साफ केलंय, बघा.”

मी वर बघितलं. खोड खरंच लख्ख केलं होतं. टेम्पोत पालापाचोळ्याखाली आणखी पाच-सहा गड्डे दिसत होते. हे जास्तीचं काम, पैसे न वाढवता केलेलं, आणि माणसाच्या चेहऱ्यावर त्याचं समाधान होतं. त्याच्यावर रागावणार तरी काय? तेवढ्यात आमचे सेक्रेटरी खाली आले. ते म्हणाले, “मीच सांगितलं त्याला, वर चढलाच आहेस तर बांडगुळं पण काढून घे.”

मंडळी, ते बांडगूळ नव्हतं. ती आमरी होती, म्हणजे ऑर्किड. आमच्या सावंतवाडीकडे तिला सीतेची वेणी म्हणतात. मिरगाच्या आधी फणसा-आंब्यावर ती फुलली की आमची आजी पोरांना वर चढवायची. घोस मात्र एकच उतरवायचा, बाकीचे झाडाचे. तो अंबाड्यावर माळून ती देवळात जायची. ह्याच फुलाला इंग्रजीत कोल्ह्याची शेपटी म्हणतात. बघणाऱ्याच्या मनात काय असेल ते त्याला दिसतं, दुसरं काय! आसामात हेच कपौ फूल. बिहूच्या नाचात मुली केसात माळतात, आणि आसाम व अरुणाचल अशा दोन राज्यांचं ते राज्यफूल आहे. आमच्याकडे ते टेम्पोत गेलं.

आता बांडगूळ आणि आमरी ओळखायच्या कशा, ते सांगते. हे पाठ केलंत तर पुढचं पत्र वाचलं नाहीत तरी चालेल.

बांडगुळाला आमरीसारखी उघडी, पांढुरकी मुळं दिसत नाहीत. ते फांदीच्या आत घुसतं. जिथे घुसतं तिथे फांदीला गाठ येते, आणि गाठीच्या पुढचा फांदीचा भाग हळूहळू वाळायला लागतो. ते झुडूपच असतं, लाकडी काड्यांचं. लांबट नळीसारखी फुलं येतात, त्यावर सूर्यपक्षी घिरट्या घालतात. बी चिकट असते. फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी ती फळं खातो, मग बी फांदीला घासून चिकटवून जातो. झाडाच्या पाण्यात बांडगूळ वाटेकरी होतं हे खरं.

आमरी झाडावर नुसती बसलेली असते. भाडेकरू म्हणा, तेही भिंतीला खिळा न ठोकणारी. तिची मुळं सालीच्या वरून, सगळ्यांना दिसतील अशी पसरतात: जाड दोऱ्यासारखी, पांढुरकी, राखाडी. ह्या मुळांवर थोडं पाणी टाकून बघा. मी त्या दिवशी दुधाची पिशवी बाजूला ठेवून वॉचमनच्या बाटलीतलं पाणी टाकलं. पांढरी मुळं आमच्या डोळ्यांदेखत हिरवी झाली. मुळाच्या बाहेरून मेलेल्या पेशींचा स्पंजासारखा थर असतो. कोरडा असताना त्यात हवा असते, म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी शोषलं की तो थर पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं मूळ वर दिसायला लागतं. पावसाचं, दवाचं पाणी, सालीवरून ओघळणारी धूळमाती, कुजलेली पानं एवढ्यावर तिचा संसार चालतो. झाडाच्या आत ती एक केसभरही मूळ घालत नाही. मुकादमानेही दोनदा पाणी टाकून पाहिलं. “च्यायला,” एवढंच म्हणाला. सेक्रेटरी काही बोलले नाहीत.

हा गोंधळ मुकादमाचा एकट्याचा नाही, बरं का. आपल्या बापजाद्यांचा आहे. अमरकोशातल्या वनौषधिवर्गात एका ओळीत चार शब्द येतात: वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा, जीवन्तिका. चारही एकाच वनस्पतीचे पर्याय म्हणून. त्यातली वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी आणि वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी. दोघींना एकाच खोलीत कोंबलंय! पुढे अठराव्या शतकात कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टातला न्यायाधीश विल्यम जोन्स, संस्कृतवेडा माणूस, ह्यातलाच ‘वन्दा’ शब्द उचलून एका आमरीला देऊन बसला. जोन्स १७९४ मध्ये वारला आणि त्याची वनस्पतींवरची टिपणं १७९५ मध्ये छापून आली. आज जगभरच्या नर्सऱ्यांत ‘वांडा’ नावाची जी महागडी ऑर्किडं मिळतात, त्यांचं नाव तिथून आलेलं. म्हणजे बांडगुळाचं संस्कृत नाव, आणि ते लागलं आमरीला. त्याच १७९५ साली विल्यम रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या देशातल्या एका वांडाचं चित्रासह वर्णन छापलं. तिच्या जातीच्या नावाचा अर्थ चौकटी-चौकटींची. पिवळट हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, जुन्या चाळींतल्या फरश्यांसारखी.

सीतेच्या वेणीचा कागदोपत्री प्रवास त्याहून जुना आहे, आणि तो आपल्या समुद्रावरून गेलेला आहे.

कोचीनला डचांचा हेंड्रिक व्हान रीडे नावाचा गव्हर्नर होता. त्याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ करवून घेतला. पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाला, शेवटचा १६९३ मध्ये. ७००हून अधिक वनस्पती, त्यांची तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली पानभर चित्रं. माहिती कुणी दिली? इट्टी अच्युतन नावाचा ईळवा समाजातला वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तिघे कोंकणी वैद्य. ह्या तिघांचं १६७५ मधलं कोंकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं नागरी अक्षरांत छापलंय. युरोपात छापलेल्या नागरीच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी ते एक. मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप आहे. सही-शिक्क्याशिवाय कुणाचं काही खरं न मानणारी मी. त्या काळी साहेबाने माहिती देणाऱ्यांची नावं, त्यांच्याच अक्षरात, पुस्तकाच्या सुरुवातीला छापली. पुढच्या दोनशे वर्षांत फार कमी जणांनी हे केलं.

रीडे १५ डिसेंबर १६९१ रोजी कोचीनहून सुरतेला जाताना जहाजावरच वारला, मुंबईच्या किनाऱ्याजवळ. सुरतेच्या डच कबरस्तानात त्याची घुमटी आहे. आमऱ्या ज्या बाराव्या खंडात आहेत, तो त्याने छापलेला पाहिलाच नाही. त्या खंडातलं पहिलंच चित्र आपल्या सीतेच्या वेणीचं. नाव दिलंय ‘आन्सयेली मारावारा’. मल्याळीत आमरीला मरवाळ म्हणतात, म्हणजे झाडावरची केळ. आंजिली हे फणसाच्या जातकुळीतलं झाड. आंजिलीवरची झाडकेळ, एवढा साधा अर्थ. डच कारकुनाच्या कानातून कागदावर उतरताना त्याचं ते असं झालं. टपालात मी ह्याहून वाईट पत्ते वाचलेत.

पुढे १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने जगातल्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं दिली, तेव्हा हिला त्याने रीडेच्या त्याच चित्राचा हवाला देऊन नाव दिलं. त्याने हिंदुस्थान पाहिला नव्हता. चित्रावरून बारसं केलं. झाडावर वाढणाऱ्या परदेशी आमऱ्या त्याने सरसकट ‘एपिडेंड्रम’ ह्या एकाच गठ्ठ्यात टाकल्या. ग्रीकमध्ये एपि म्हणजे वर आणि डेंड्रॉन म्हणजे झाड. अमरकोशातली वृक्षरुहाच की ही, ग्रीक लुगडं नेसलेली! जातीचं नाव ठेवलं ‘रेटुसा’, बोथट टोकाची. पान हातात घेऊन पाहिलंत तर पटेल: टोकाला उंदराने कुरतडल्यासारखी खाच असते. मग १८२५ मध्ये ब्लूमे नावाच्या डच शास्त्रज्ञाने तिला त्या गठ्ठ्यातून बाहेर काढून ‘ऱ्हिंकोस्टायलिस’ हे कुळनाव दिलं. ऱ्हिंकोस म्हणजे चोच. फुलाच्या मधोमध जो छोटा खांब असतो त्याला चोचीसारखं टोक असतं, म्हणून.

तुम्ही म्हणाल, हे सगळे कोचीन, कलकत्ता, ॲमस्टरडॅमचे. मुंबईचं काय?

मुंबईचे तर सगळे आपल्यासारखे नोकरदार. जॉन ग्रॅहम हा मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. आमच्याच खात्यातला! मला हे निवृत्तीनंतर कळलं, नाहीतर ऑफिसात भाव खाल्ला असता. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी त्याने तयार केली. ती १८३९ मध्ये निघाली, पण त्याच वर्षी मे महिन्यात तो खंडाळ्याला वारला. अर्धवट राहिलेलं काम जोसेफ निम्मो ह्याने पुरं केलं. शिवडीला तेव्हा ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती, तिच्याशी ग्रॅहमचा संबंध. त्या बागेच्या जागी नंतर कबरस्तान झालं, आणि सोसायटीने भायखळ्याला बाग केली तीच आपली राणीची बाग. निकोल डाल्झेल हा मुंबईत आला कस्टम्सच्या नोकरीवर, पुढे जंगल खात्यात गेला. अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर. पुण्याजवळ दापोडीची सरकारी बाग त्याच्याकडे होती, मग मुंबई इलाख्याच्या जंगलांचा तो कॉन्झर्व्हेटर झाला. ह्या दोघांचं ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये भायखळ्याच्या छापखान्यात छापलं गेलं. थिओडोर कुक हा इंजिनिअर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्रिन्सिपल. त्याचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये निघाला. धोबीतलावच्या झेवियर्समधले पाद्री ब्लॅटर आणि त्यांच्यानंतरचे फादर सांतापाउ हे धर्मोपदेशक. सांतापाउ आणि कापडिया ह्यांचं इथल्या आमऱ्यांवरचं पुस्तक १९६६ मध्ये आलं. महाराष्ट्रात आमऱ्यांच्या शंभराहून अधिक जाती आहेत हे जे आपण आज सहज म्हणतो, त्यामागे ऑफिस सुटल्यावर नाहीतर रविवारी मान वर करून झाडांकडे बघणारी ही माणसं आहेत. त्यांना वर चढून फांदी काढून देणारी, ‘साहेब, ही आमरी’ असं सांगणारी माणसंही असणारच. त्यांची प्रमाणपत्रं कुठल्या खंडाच्या सुरुवातीला छापलेली नाहीत.

ही सगळी मंडळी पुण्यवान होती असंही मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात विलायतेत आमऱ्यांचं भयंकर खूळ होतं. जॉन लिंडलेसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ लंडनमध्ये बसून, हिंदुस्थानात कधी पाऊल न ठेवता, वाळवलेल्या नमुन्यांवरून आणि तिकडे काचघरात फुललेल्या रोपांवरून नावं देत होता. आपल्या घाटातली ठिपक्यांची आमरी, हिवाळा सरताना कोकणात निष्पर्ण काड्यांवर फुलणारी पांढरी आमरी, ही त्यानेच नाव दिलेली. पण त्याच्या टेबलापर्यंत माल पोचवायला इकडे रानं ओरबाडली जात होती. जोसेफ हूकर ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० मध्ये खासी टेकड्यांतून लंडनजवळच्या क्यूच्या बागेसाठी निळ्या वांडाची सात हमालांची ओझी गोळा केली. विलायतेला जिवंत पोचली ती मोजकीच, असं त्यानेच लिहून ठेवलंय. सात ओझी! मी टेम्पोतल्या पाच-सहा गड्ड्यांचं दुःख घेऊन बसले होते.

उपटलेली आमरी सहसा जगत का नाही आणि गेलेली लवकर परत का येत नाही, तेही ऐका. तिच्या एका बोंडात धुळीसारखी बारीक बी असते, हजारोंनी. पण त्या बीमध्ये शिदोरी म्हणून काही नाही. भुईमुगाच्या दाण्यात जसं कोंबासाठी खाणं भरलेलं असतं, तसं हिच्यात नसतं. वाऱ्यावर उडून ती योग्य सालीवर पडली, तिथे योग्य बुरशी असली आणि त्या बुरशीने तिला भरवलं, तरच ती रुजते. विलायतेतल्या माळ्यांना बी रुजेना म्हणून कितीतरी वर्षं हैराण व्हावं लागलं. हे बुरशीचं कोडं नोएल बर्नार्ड ह्या फ्रेंच तरुणाने १८९९ मध्ये उलगडलं. रुजल्यावरही फुलावर यायला वर्षं लागतात. तेव्हा कोयत्याच्या एका फटक्यात जे जातं ते आमच्या आंब्यावर बसायला केवढा योगायोग जमून आला असेल, विचार करा.

आणि इकडे गणपतीच्या मखराला आपण दादरच्या फुलबाजारातून थायलंडची जांभळी ऑर्किडं आणतो, हळदीच्या मांडवाला तीच. त्यांच्याशी माझं भांडण नाही, दिसतात छान. पण सोसायटीच्या बजेटात ‘डेकोरेशन, ऑर्किड’ अशी ओळ आणि ‘झाड छाटणी, बांडगूळ काढणे’ अशी दुसरी ओळ एकाच पानावर मी ऑडिटच्या कागदांत पाहिली, तेव्हा हसू की रडू झालं.

आता माझं मागणं. झाड तोडायला, छाटायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते हे तुम्हाला माहीत आहेच, ती तुम्ही काढताच. परवानगी झाडाची मिळते. झाडावर काय आहे ते तुम्हीच बघायचं आहे. छाटणीच्या आदल्या दिवशी कमिटीतल्या कुणीतरी एकाने मान वर करून प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारावी. मोबाईलचा झूम पुरतो. दोन ओळींत रचलेली पट्ट्यासारखी पानं आणि सालीवरून उघडी पसरलेली पांढरी मुळं दिसली, की त्या फांदीला लाल चिंधी बांधावी आणि मुकादमाला दाखवावी. तो ऐकतो. त्याला सांगितलंच जात नाही, ही अडचण आहे.

फांदी काढावीच लागणार असेल तर आमरी सालीवरून सोलू नका. फांदीचा हातभर तुकडा तिच्यासकट कापून घ्या आणि त्याच झाडाच्या खोडावर, साधारण तेवढ्याच उजेडात, काथ्याने नाहीतर जुन्या सुती साडीच्या पट्टीने घट्ट बांधा. नायलॉनची दोरी नको. काथ्या कुजेपर्यंत मुळं धरतात. पावसाच्या तोंडावर बांधलं तर पाणी घालायचीही गरज नाही. माती नको, कुंडी नको, आणि कृपा करून बाल्कनीत नेऊ नका. मी नेल्या आहेत पूर्वी दोन, म्हणून सांगते.

खऱ्या बांडगुळाबद्दलही एक शब्द. फांदी वाळायला लागली असेल तर काढा, पण शहरभरची एकजात काढायच्या मागे लागू नका. हळदीकुंकू नावाचं पिवळं-लाल फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर घालतं. मुलुंड-बोरिवलीला नॅशनल पार्कच्या कडेला ते हिवाळ्यात भरपूर दिसतं.

रिडेव्हलपमेंटवाल्या सोसायट्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. झाडांच्या यादीत जात, घेर, उंची असे रकाने असतात. मी पाहिलेल्या एकाही यादीत ‘वर काय वाढले आहे’ असा रकाना नव्हता. एक रकाना वाढवायला पैसे पडत नाहीत. आणि सहलीला घाटात गेल्यावर रस्त्याच्या कडेला कुणी रानातून उपटलेल्या आमऱ्या विकत असेल तर घेऊ नका, कितीही दया आली तरी. खोडांना चुना-गेरू फासणं, वर्षभर लाइटच्या माळा गुंडाळून ठेवणं ह्यावर स्वतंत्र पत्र लिहीन, आज पुरे.

आमच्या त्या गड्ड्याचं काय झालं, ते राहिलं. मुकादमानेच टेम्पोतून पालापाचोळा उपसून चार शोधून काढले. दोन तुटले होते. उरलेले दोन त्यानेच शिडी लावून आंब्याच्या खोडावर बांधून दिले, माझ्या जुन्या नऊवारीच्या काठाने. पहिल्या पावसाळ्यात एक गेला. दुसऱ्याची सगळी जुनी मुळं वाळून काथ्यासारखी झाली, पानं सुरकुतली, मी आशा सोडली होती. दिवाळीच्या सुमारास पानांच्या बुडातून एक नवं मूळ निघालं, हिरव्या टोकाचं, करंगळीच्या अर्ध्या जाडीचं. ते आधी हवेतच लोंबकळलं आणि मग सरळ सालीला जाऊन चिकटलं. गेल्या वर्षी फूल नाही. ह्या जूनमध्ये एक घोस आला. मी शिडीवर चढून फुलं मोजली, खात्याची सवय: ६३. पांढऱ्यावर गुलाबी ठिपके, मधली जीभ गर्द जांभळट. सी विंगमधल्या एका आज्जींनी घोस माळायला मागितला. मी नाही म्हटलं, मग रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी त्यांना खाली बोलावून झाडाजवळ खुर्ची टाकून दिली. अर्धा तास बसल्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सभासद, मुलुंड

ता. क. : यंदाच्या छाटणीच्या नोटिशीत आमच्या सेक्रेटरींनी स्वतःहून एक ओळ घातली होती. ‘झाडावरील अंबरीस हात लावू नये.’ पेन घेऊन बोर्डापर्यंत गेले होते मी. मग आन्सयेली मारावारा आठवलं आणि तसंच राहू दिलं.